भेंडीचे नऊ दाणे

परवा टरबुजाच्या बियाण्याची पहिली गाडी प्लांटवर आली. हमालांनी पोती उतरवायला सुरुवातही केली नव्हती, तेवढ्यात नसीमनं मला विचारलं, "मॅडम, आपल्या पोरींची मॅच कधी हाय?"

बाहेरच्या माणसाला या दोन गोष्टींचा संबंध लागणार नाही. आम्हाला लागतो.

जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या एका प्लांटवर मी निवड विभागाची सुपरवायझर आहे. फेब्रुवारी सरत आला की भाजीपाल्याचं बी यायला लागतं. टरबूज, भेंडी, दोडका, कारलं. मशीन काडीकचरा उडवतं, लहानमोठं वेगळं करतं. पण फुटकं, पोचट, रंगानं फिकं किंवा भलत्याच वाणाचं बी ओळखायला माणसाचा डोळा लागतो. चौदा बायका लांब टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून मे संपेपर्यंत तेच करतात. ट्रे समोर ओढायचा, बोटानं बी पसरायचं, नको ते उचलायचं, ट्रे पुढं सरकवायचा.

या हंगामाचा एक वास आहे. वाळलेल्या टरबुजाच्या बियाला गोडसर आंबूस वास येतो आणि तो ओढणीला, पदराला, डब्यातल्या पोळीलासुद्धा लागतो. भेंडीची धूळ घशात बसते. सकाळी अकराच्या सुमारास छपराचे पत्रे तापून कडकड वाजायला लागतात. बाहेरच्या रस्त्यानं सळया घेऊन जाणारे टेम्पो खड्ड्यात आदळले की खणखणाट आत येतो. गेटजवळच्या कडुनिंबाची फुलं पाण्याच्या टाकीवर पडतात आणि टाकी धुणारा दरवर्षी त्या झाडाच्या नावानं शंख करतो. मला हा हंगाम आवडतो. काम भरपूर असतं आणि माणसं बोलायच्या मनःस्थितीत असतात. पावसाळ्यात सगळे आभाळाकडं बघत गप्प बसतात, तसं नसतं.

मागच्या हंगामात कॅन्टीनचं घड्याळ बंद पडलं. बंद घड्याळ मला चालत नाही. जेवणाची सुट्टी अर्धा तास म्हणजे अर्धा तास. दुकान लांब होतं, म्हणून टीव्हीच्या रिमोटमधला एक सेल काढून मी घड्याळात घातला. आदल्या संध्याकाळी कोणीतरी क्रिकेट बघून टीव्ही त्याच चॅनेलवर सोडला होता. दुसऱ्या दिवशी बायका डबे घेऊन बसल्या, टीव्ही लावला, तर नेहमीच्या मालिकेऐवजी हिरवंगार मैदान आणि निळ्या कपड्यांत पळणाऱ्या मुली.

"हे काय लावलं?" नसीम म्हणाली. "बदला ना कोणीतरी."

बदलणार कसं? सेल घड्याळात होता, आणि घड्याळाला हात लावायची कोणाची टाप नव्हती.

आपल्या देशाच्या मुलींचा फुटबॉल संघ पार पूर्वेकडच्या देशात मोठी स्पर्धा खेळायला गेला होता. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली जेवणाची सुट्टी. पहिली पाच मिनिटं बायकांनी नुसती कुरकुर केली. मग एक मुलगी चेंडू घेऊन अशी सुसाट सुटली की नसीमच्या हातातला घास हातातच राहिला. "अगं बाई, ही कोणाची पोरगी? काय पळते!" त्या मुलीनं शेवटी चेंडू मैदानाबाहेर मारला. पण तोवर चौदा जणींचे डबे थंड झाले होते.

तो सामना आपण हरलो. आम्हाला नियम कळत नव्हते. मला थोडे कळत होते, कारण शाळेत असताना आमच्या पीटीच्या सरांनी मुलींना दोन महिने फुटबॉल खेळू दिला होता. पुढं मैदानावर वर्गखोल्या झाल्या. मी तेवढ्या भांडवलावर ऑफसाइड समजावून सांगायला गेले. नसीमनं मला थांबवलं. "राहू द्या मॅडम, तुम्हालाच बराबर कळलं न्हाई."

दुसऱ्या सामन्याला आमच्या बायकांनी काय केलं, ते फक्त आमच्याच बायका करू शकतात. रोज बी मोजणारी माणसं ती. उगवण चाचणीला शंभर दाणे काढा म्हटलं तर न बघता शंभर काढतात. नसीमनं वाटीभर टाकाऊ भेंडीचं बी आणलं आणि अकरा जणींना एक एक खेळाडू, उरलेल्या तिघींना बदली खेळाडू वाटून दिल्या. आपल्या पोरीचा पाय चेंडूला लागला की पुढ्यात एक दाणा टाकायचा. खरी नावं कोणाच्या लक्षात राहत नव्हती, म्हणून नसीमनंच ती ठेवली. पहिल्या दिवशी सुसाट सुटलेली ती 'सुसाट'. सगळ्यांना हातवारे करून सांगणारी कप्तान ती 'सासू'. केसांना लाल पट्टी लावलेली 'लालफीत'. आणि गोलकीपरच्या पुढं, सगळ्यात मागं उभी राहणारी एक उंच मुलगी होती, तिचं नाव 'लांबी'. लांबी कोणालाच नको होती. ती आली रुक्मिणबाईच्या वाट्याला.

रुक्मिणबाईबद्दल सांगायला हवं. तिचं गाव घनसावंगीकडं. घर मेंढरांचं. लग्नापासून वीस वर्षं ती वर्षातले आठ महिने कळपामागं चालली. गोदावरीच्या काठानं खाली, पुन्हा वर. आता गुडघा दुखायला लागला होता. नवरा आणि दीर कळप घेऊन जात, आणि ती एमआयडीसीच्या मागं एक खोली घेऊन त्या हंगामापुरती आमच्याकडं कामाला आली होती. टेबलाच्या शेवटच्या खुर्चीवर बसायची. निवडलेले सगळे ट्रे तिच्यासमोरून लॅबकडं तपासायला जात; फुटकं बी जास्त निघालं तर लॅब ट्रे परत पाठवते. बोलायची कमी. पहिल्याच दिवशी मला एवढंच म्हणाली होती, "मॅडम, इथं बारमाही काम मिळालं तर मंग मला मेंढरामागं जावं लागणार न्हाई. पाय न्हाई चालत आता."

बारमाही काम सहा जणींना मिळणार होतं. चौदातल्या सहा. यादी मी करायची आणि साहेबांनी सही करायची. मी यादी ट्रेवरून करते. कोण किती ट्रे काढतं हे रोज लिहिलेलं असतं. त्यात माझी मर्जी, कोणाचा चेहरा, कोणाचं रडगाणं काही येत नाही. ती पद्धत मला आवडते. नसीम दिवसाला अकरा ट्रे काढायची, बाकीच्या आठ-नऊ. रुक्मिणबाई सात. फुटबॉलच्या त्या आठवड्यात यादी माझ्या फाइलमध्ये तयार होती, शनिवारी द्यायची होती, आणि रुक्मिणबाईचं नाव सगळ्यात खाली होतं. तिला ते ठाऊक नव्हतं. किंवा असेल. कळपामागं चाललेल्या माणसाला बरंच न सांगता कळतं.

दुसरा सामनाही हरलो, तिसराही हरलो. तीन सामने, तीन हार, स्पर्धा संपली. टीव्हीवरचे कोट घातलेले तज्ज्ञ म्हणाले की या संघात आमूलाग्र बदल हवेत. नसीम म्हणाली, "त्यांनी करायच्या आधी आपणच करू."

आमच्याकडं प्रत्येक वाणाचा एक तक्ता असतो. उगवण, जोम, भेसळ आणि शेवटी शेरा. शेरे तीनच: ठेवा, काढा, पुन्हा तपासा. नसीमनं एका जुन्या तक्त्याची मागची बाजू घेतली, रेघा मारल्या आणि मोठ्यानं वाचत भरायला लागली. पुढ्यात दाण्यांच्या ढिगल्या होत्याच.

"गोलकीपर. उगवण चांगली, पण पाऊसच इतका झाला की बी वाहून गेलं. शेरा, ठेवा."

"सासू. जुनं बियाणं, भरवशाचं. ठेवा."

"सुसाट. दाणे सत्तावन्न!" टाळ्या पडल्या. "जोम बिलकुल कमी न्हाई. पर वेल नुसती पळते, फळ धरत न्हाई." यावर वाद झाला. एकीचं म्हणणं, वेलीचा शेंडा खुडला की फळ धरतं. शेवटी शेरा पडला, ठेवा, पण शेंडा खुडा. हा चौथा शेरा आमच्या तक्त्यात नाही. मी तो लिहू दिला.

"लालफीत. फूल आलं, गळालं. पुन्हा तपासा."

"लांबी." नसीमनं रुक्मिणबाईच्या पुढ्यात बघितलं आणि हसायलाच लागली. "दाणे नऊ! अर्ध्या तासात नऊ? ही तिथं काय वाळवणाची राखण करत व्हती का? मेलेलं बी. काढा!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. माझ्या चहाच्या कपाशेजारी ती फाइल होती.

रुक्मिणबाई हसली नाही. तिनं ते नऊ दाणे बोटानं एका रांगेत लावले आणि म्हणाली, "काढू नका तिला."

"का बरं? तुझी म्हणून?"

"माझी म्हणून न्हाई. तिच्याकडं बॉल आला न्हाई, कारण ती तिथं उभी व्हती."

"म्हणजे?"

"मेंढरं उसाच्या कडंनं न्यायची असली," रुक्मिणबाई म्हणाली, "तर एक जण मागनं हाकतो, एक जण कुत्र्यासंगं पळतो. ते पळणारे सगळ्याला दिसतेत. पन बांधाला जिथं खिंडार ऱ्हातं, तिथं एक जण नुसतं उभं ऱ्हातं. काठी टेकून. मेंढरू तिकडं बघतंय, माणूस दिसतंय, वळतंय. दिवसभर तिथं काय झालं? काय न्हाई झालं. तेच त्याचं काम. तो खिंडारातनं हालला की मंग बघा, अर्धा ऊस गेला आन् मालक काठी घेऊन आला."

"आणि आपण हरलो ते?"

"तिच्या बाजूनं एक बी गोल न्हाई झाला. वाट्याला आल्यापासनं मी तिच्याकडंच बघत बसल्ते. दुसऱ्या बाजूनं झाले. त्या बाजूला कोन उभंच न्हाई ऱ्हायलं, समद्या पळत गेल्त्या पुढं."

नसीम म्हणाली, "मॅडम, हिला टीव्हीवर बसवा. कोट घालून." पुन्हा हशा झाला, सुट्टी संपली, मी घड्याळाकडं बोट दाखवलं आणि सगळ्या उठल्या. तक्त्यावर लांबीपुढं 'काढा' खोडून 'पुन्हा तपासा' लिहिलेलं होतं. अक्षर नसीमचंच.

मी भावूक होणारी बाई नाही. कोणी चांगलं बोललं म्हणून यादी बदलायची, तर यादी करायचीच कशाला? पण एक गोष्ट मला दुपारभर खुपत राहिली. रुक्मिणबाई बोलत होती मेंढरांबद्दल, आणि माझ्या डोळ्यांसमोर येत होती टेबलाची शेवटची खुर्ची. आमच्या तक्त्यात ट्रे किती निघाले याचा रकाना आहे. ट्रे लॅबमधून परत का आले नाहीत, याचा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला म्हटलं, "रुक्मिणबाई, आज खिडकीजवळच्या पहिल्या खुर्चीवर बसा. तिथं उजेड चांगला आहे."

ती बसली. तिच्या जागी दुसरीला बसवलं. त्या दिवशी रुक्मिणबाईचे ट्रे निघाले दहा. साताचे थेट दहा. आणि लॅबमधून तीन ट्रे परत आले, 'फुटकं बी जास्त, पुन्हा निवडा' अशी चिठ्ठी लावून. दुसऱ्या दिवशीही मी तिला तिथंच बसवलं. पाच ट्रे परत आले. त्याआधीच्या सहा आठवड्यांत मिळून दोन आले होते. चिठ्ठीवर ट्रे निवडणारीचा नंबर असतो. आठपैकी पाच ट्रे नसीमचे होते.

संध्याकाळी सगळ्या हात धूत असताना मी रुक्मिणबाईला बाजूला बोलावलं.

"तुम्ही शेवटच्या खुर्चीवर दुसऱ्यांचे ट्रे निवडत होतात?"

"न्हाई मॅडम. म्होरून जातेत तर बघते. फुटकं दिसलं की ऱ्हावत न्हाई, काढते."

"रोज?"

"रोजच जातेत की म्होरून."

"मग मला सांगायचं नाही? तुमचे स्वतःचे ट्रे कमी पडत होते. मी त्यावरूनच यादी करते, माहीत आहे ना?"

"म्हाईत हाय."

"मग?"

तिनं ओले हात पदराला पुसले. "काय सांगू? नशीमचं बी फुटकं ऱ्हातं म्हणून सांगू? तिच्या पोटावर पाय देऊन मी बसू का खुर्चीवर? जल्दी करते ती, हात चांगला हाय. मागं एकानं बघितलं की झालं."

मी म्हटलं, "बरं, जा. अंधार पडेल."

नसीमपासून काही लपून राहत नाही. आठपैकी पाच ट्रे आपले, हे तिला लॅबच्या दारातच कळलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःच माझ्या टेबलाशी आली. चेहरा उतरलेला होता, पण जीभ जागेवर होती. "मॅडम, मी स्ट्रायकर हाय. पळते मी. पर मागं लांबी पायजे ना कोणी." मग तिनं रुक्मिणबाईची पिशवी खिडकीजवळून उचलली, शेवटच्या खुर्चीवर नेऊन ठेवली आणि ओरडली, "चला बाई, आपल्या खिंडारात!"

शनिवारी मी यादी घेऊन साहेबांकडं गेले. रुक्मिणबाईचं नाव दुसऱ्या नंबरवर होतं, नसीमच्या खाली. साहेबांनी आकडे बघितले. "हिचे ट्रे तर सात आहेत. सगळ्यात कमी."

मी परत आलेल्या आठ ट्रेंच्या चिठ्ठ्या त्यांच्यासमोर ठेवल्या. "ही दोन दिवस शेवटच्या खुर्चीवरून उठली, तेव्हाच्या आहेत."

त्यांनी एक चिठ्ठी उलटून बघितली, मागं काही लिहिलंय का म्हणून. काही नव्हतं. सही केली. पटलं म्हणून केली की जेवायची वेळ झाली होती म्हणून, ते मी विचारलं नाही. सही झाली की कागद उचलावा.

हेही सांगायला हवं की जागा सहाच होत्या. रुक्मिणबाई वर आली तेव्हा एक जण खाली गेली. नऊ ट्रे काढणारी बाई होती ती, कष्टाळू. तिनं मला विचारलं, "माझं काय चुकलं, मॅडम?" चुकलं तिचं काहीच नव्हतं, आणि मी तसंच सांगितलं. ती आता दुसऱ्या प्लांटवर जाते. रस्त्यात भेटली की मान हलवते, थांबत नाही. तेही बरोबर आहे.

तक्त्यात मी एक रकाना वाढवला आहे. त्याला अजून नीट नाव सुचलेलं नाही. लॅबवाले विचारतात, हे काय मोजता? मी म्हणते, जे झालं नाही ते. त्यांना वाटतं मी चेष्टा करते.

या वर्षीचा सामना काल होता. दुपारीच होता, फार मोठा नव्हता. दुकानातून आणलेले नवे सेल रिमोटमध्ये होते, त्यामुळं वाटेल ते लावता आलं असतं. कोणी मालिकेचं नावही काढलं नाही. नसीमनं वाटीतलं भेंडीचं बी वाटलं. संघ बराचसा बदललेला होता. सुसाट होती, लालफीत दिसली नाही, आणि सगळ्यात मागं, गोलकीपरच्या पुढं, लांबी उभी होती. कोटवाल्यांनी काय ठरवलं होतं कोण जाणे. ती तिथंच होती. या वेळी आमच्याकडं ती चार जणींना हवी होती. रुक्मिणबाईनं दिली नाही.

सुट्टी संपली तेव्हा सामन्याची पंधरा मिनिटं शिल्लक होती. सगळ्यांनी आधी घड्याळाकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. मी उठले, स्टूल ओढलं, घड्याळ खाली उतरवलं आणि त्यातला सेल काढला. "बंद पडलेलं दिसतंय," मी म्हटलं. नसीमनं अशी शिट्टी मारली की स्वयंपाकघरातून माणसं बघायला आली.

सामना बरोबरीत सुटला. आपण एकही गोल केला नाही, एकही खाल्ला नाही. नसीमनं तक्ता पुढं ओढला. सुसाटचे दाणे मोजले, एकसष्ट. सासूचे चाळीस. मग पेन उचलून म्हणाली, "लांबी किती?"

रुक्मिणबाईच्या पुढ्यात चारच दाणे होते. तिनं ते उचलून परत वाटीत टाकले, हात झटकले आणि म्हणाली, "कोन फिरकलंच न्हाई."

नसीमनं माझ्याकडं बघितलंही नाही. तिनं लिहिलं, ठेवा.